आईचा खाडा, लेकीचा खाडा

वाचक लिहिते (नाव आणि गाव काढून टाकलं आहे, पत्र थोडं छोटं केलं आहे, बाकी शब्द तिचेच):

"बाई, मी दहावीत आहे. आमचं गाव पाटोदा तालुक्यात. आई-अप्पा दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्याला जातात, ह्या वर्षी कोल्हापूरकडं गेलेत. घरी आजी, मी आणि दोन भाऊ. एक सातवीला, एक चौथीला. आजीला गुडघ्यांनी उठता येत नाही आणि शुगर पण आहे. दोन शेळ्या आहेत. मी साडेचारला उठते, भाकरी-कालवण करते, आजीची गोळी, भावांचं आवरून साडेनऊच्या एसटीने शाळेत जाते. हायस्कूल पाच किलोमीटरवर आहे. एक दिवसाआड आठ वाजता नळाला पाणी येतं, ते भरून ठेवावं लागतं. कधीकधी एसटी चुकते, मग चालत जाते. तोपर्यंत पहिला तास संपलेला असतो. सर बाहेर उभं करतात. मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाले, तुला दहावीचं गांभीर्य नाही, उद्या पालकांना घेऊन ये. मी काहीच बोलले नाही. घरचं सांगायची लाज वाटते. नववीला मला ६२ टक्के होते. सहामाहीला गणितात ८० पैकी १९ पडले. आजी आजारी पडली तेव्हा आठ दिवस शाळेत गेले नाही. आईला बोलवलं असतं, पण एका खाड्याला पाचशे रुपये कापतात. आईला खाडा परवडत नाही म्हणून मी खाडा करते. आईचा फोन आला की मी सगळं ठीक आहे सांगते. शेजारची ताई म्हणते, ह्या वर्षी परीक्षा देऊ नको, पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून घरूनच दे. मी तसं करू का? भाऊ लहान आहेत, त्यांना काम लावायला बरं वाटत नाही. मी पाचवीपासून स्वयंपाक करते, मला सवय आहे. आजी म्हणते पुढच्या दिवाळीला तुझं बघायचंच आहे, मग कशाला एवढी वणवण."

लेकरा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बसले. एकतीस वर्षं तुझ्याच भागात शिकवलंय, त्यामुळे मुलांच्या चिठ्ठ्या वाचताना अजून हातात लाल पेन येतं. पण तुझ्या पत्रात लाल करण्यासारखं काही सापडलं नाही. सापडलं ते दुसरंच. सांगते.

आधी तुझ्या सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर. नाही. परीक्षा सोडू नकोस. ह्याच वर्षी दे.

१७ नंबरचा फॉर्म ही चांगली सोय आहे. शाळा सुटून वर्षं झालेल्या बायकांना, कामावर जाणाऱ्या पोरांना त्या फॉर्मने दहावी पास होताना मी पाहिलंय. पण तो शाळा सुटलेल्यांसाठी आहे. तुझी सुटलेली नाही. तुझा फॉर्म शाळेने भरलेला असणार, हॉल तिकीट शाळेत येणार. आणि शेजारच्या ताईला एक विचार माझ्या वतीने, पुढच्या वर्षी काय बदलणार आहे? आई-अप्पा कारखान्याला जायचे थांबणार आहेत का? आजीचे गुडघे बरे होणार आहेत का? पुढच्या दिवाळीनंतर घर हेच, चूल हीच, फक्त सकाळी साडेनऊची एसटी नसेल. आज ती एसटी आहे म्हणून दिवसाचे सहा तास तू कुणाची आई नसतेस, दहावीची विद्यार्थिनी असतेस. घरी बसून परीक्षा देणाऱ्या मुलीला "आता घरीच आहेस ना" म्हणून आणखी दोन कामं लागतात, आणि पुस्तक कोनाड्यात राहतं. तुझी आजी ज्या दिवाळीचं म्हणते आहे ती मग फार सोपी होते. त्यावर शेवटी बोलू.

आता त्या कागद-पेनाचं. तुझ्या पत्रात उशिराचं कारण तू "एसटी चुकते" असं लिहिलंस. पण एसटी रोज चुकत नाही. रोज भाकरी आहेत, रोज आजीची गोळी आहे, रोज शेळ्या आहेत, आणि तरीही काही दिवस तू वेळेवर पोचतेस. मग चुकते कधी? मला वाटतं, पाण्याच्या दिवशी. नळाला आठला पाणी येतं, पिंप, हंडे, रांजण भरेपर्यंत नऊ वाजतात, मग अंघोळ, वेणी, आणि एसटी गेलेली. तू दिनदर्शिकेवर दोन आठवडे फक्त दोन खुणा कर, पाणी कधी आलं आणि उशीर कधी झाला. माझा अंदाज चुकला तर कळव. बरोबर निघाला तर तुझं पहिल्या तासाचं सगळं दुःख एका नळाच्या तोटीपाशी आहे आणि तिथे दुसरा माणूस उभा राहू शकतो.

तो माणूस सातवीत आहे. त्याची शाळा गावातच असणार, घरापासून हाकेच्या अंतरावर. त्याला एसटी पकडायची नाही. तू लिहितेस, भाऊ लहान आहेत. आणि पुढच्याच ओळीत लिहितेस, मी पाचवीपासून स्वयंपाक करते. ह्या दोन ओळी शेजारीशेजारी ठेवून वाच बरं. तुझ्या हातात परात आली तेव्हा तू तुझ्या ह्या "लहान" भावापेक्षा दोन वर्षांनी लहान होतीस. तेव्हा तुला कुणी लहान म्हटलं नाही, कारण तू मुलगी होतीस. मी तुला दोष देत नाही. आपल्याकडे हे कुणी शिकवावं लागत नाही, घराच्या भिंतीच शिकवतात. पण ह्या फेब्रुवारीपर्यंत तरी त्या भिंतींचं ऐकू नकोस.

पाण्याचे दिवस त्याचे. पूर्ण. "मदत कर" असं म्हणू नकोस. मदत म्हणजे तू भरायचं आणि त्याने एक हंडा उचलून दाखवायचा. "पाणी तुझं" म्हण. पहिल्या दिवशी तो सांडेल, पिंपाचं झाकण उघडं ठेवेल, एखादा हंडा अर्धाच भरेल. ओरडू नकोस आणि, मुख्य म्हणजे, मागून जाऊन पुन्हा भरू नकोस. रात्रीची भांडी पण त्याचीच. चौथीतल्याकडे शेळ्या, त्यांचा पाला-पाणी आणि घरात सरपण आणून ठेवणं. चौथीतली पोरं शेळ्यांच्या मागे तसंही पळतात, आता हक्काने पळतील.

आणि आजी. आजीचे गुडघे गेलेत, हात गेलेले नाहीत. तिला चुलीपुढे पाटावर बसवलं, पीठ, पाणी, परात हाताशी दिली, तर ज्वारीची भाकरी तुझ्यापेक्षा तीच चांगली थापेल असं मी पैजेवर सांगते. साठ वर्षं थापलीय तिने. कुणी तिला सांगितलंच नसेल, की तू उठू नकोस, मी सगळं आणून देते, तू फक्त थाप. म्हातारं माणूस नुसतं बसवून ठेवलं की जास्त आजारी पडतं. पण एक लक्षात ठेव, शुगरच्या गोळीची आणि जेवणाची वेळ सांभाळायची, गोळी घेऊन ती उपाशी राहता कामा नये. गावातल्या आशाताईंना सांगून ठेव, म्हणजे त्या येता-जाता बघतील आणि पुन्हा आजारपण आलं तर पहिल्या दिवशीच कळेल, आठव्या दिवशी नाही.

जेवणाचं आणखी एक. तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत हंगामी वसतिगृह आहे का, हे उद्याच्या उद्या विचार. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीच ते असतं, दिवाळीनंतर सुरू होऊन साधारण मार्चपर्यंत चालतं, शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. नावात वसतिगृह असलं तरी कित्येक गावांत मुलं झोपायला घरीच असतात, आजी-आजोबांकडे, आणि दोन्ही वेळचं जेवण तिथे होतं. दोन्ही भाऊ तिथे जेवायला लागले तर तुझ्या परातीतल्या निम्म्या भाकरी कमी झाल्या. "आमच्या पोरांना घरी माणूस आहे, वसतिगृह कशाला" असं म्हणून कित्येक घरं नाव देत नाहीत. घरी माणूस म्हणजे कोण? दहावीतली पोरगी. यादी झाली असेल तरी मुख्याध्यापकांना विचार, नाव नंतर घालता येतं का ते. नाही म्हणाले तर तेवढंच. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता सरांचं.

तुझ्या सरांची बाजू घ्यायची म्हणून नाही, पण मला माहीत आहे ते कुठून बोलत होते, कारण मीही बोलले आहे. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी एका मुलीला मी असंच म्हटलं होतं, उद्या आईला घेतल्याशिवाय वर्गात पाय ठेवू नकोस. डिसेंबर महिना होता. आमच्या भागात डिसेंबरात "पालकांना घेऊन ये" म्हणणं म्हणजे मे महिन्यात नदीला पाणी घेऊन ये म्हणण्यासारखं. गावात म्हातारी माणसं, लेकरं आणि कुत्री सोडून कोण असतं? पण मी नव्या नव्या शिस्तीत होते. ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे महिनाभर लाल गैरहजेरी मांडत राहिले आणि शेवटी "स्थलांतरित" लिहून मोकळी झाले. ती कुठेही गेली नव्हती. माझ्या शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे भावाला कडेवर घेऊन बसली होती. मला हे पुढच्या वर्षी कळलं, तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं. मी काय करायला हवं होतं ते मला आज नीट सांगता येतं, पण त्या मुलीला त्याचा उपयोग नाही.

म्हणून सांगते, तुझे सर वाईट असतीलच असं नाही. बहुतेक त्यांना माहीत नाही. पन्नास-साठ पोरांच्या वर्गात गप्प उभी राहिलेली मुलगी निष्काळजी आहे की दमलेली आहे, हे चेहऱ्यावरून कळत नाही. तू लाजून गप्प राहिलीस आणि त्यांनी त्या गप्प राहण्याचा त्यांना सोयीचा अर्थ लावला. लाज कसली पण? आई-अप्पा घाम गाळायला गेलेत आणि तू घर चालवतेस. ह्यात लाज वाटावी असं काही असेल तर ते सगळ्यांसमोर पोरीला बोलणाऱ्याच्या बाजूला आहे.

हे वाचणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. वर्गात उशिरा येणाऱ्या मुलीला दाराबाहेर उभं करण्याआधी तिच्या तळहाताकडे एकदा बघावं. चटके दिसतात.

सरांशी तोंडी बोलायला जाऊ नकोस, रडशील आणि मुद्दा राहील. लिहून दे. मुख्याध्यापकांच्या नावाने, एका पानात, आणि एक प्रत वर्गशिक्षकांना. असं लिही:

"माझे आई-वडील ऊसतोडणीसाठी बाहेरगावी आहेत व हंगाम संपेपर्यंत परत येणार नाहीत. घरी आजारी आजी व दोन लहान भाऊ आहेत. घरचं सर्व काम मी करते. त्यामुळे मला काही दिवस उशीर झाला व आजीच्या आजारपणात आठ दिवस गैरहजर राहावं लागलं. मला दहावीची परीक्षा द्यायची आहे व उत्तीर्ण व्हायचं आहे. एसटी चुकलेल्या दिवशी उशिरा आल्यास मला वर्गात बसू द्यावं, प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षांच्या तारखा मला आधी कळवाव्यात, आणि राहिलेला गृहपाठ मधल्या सुट्टीत पूर्ण करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती."

खाली तुझी सही, आजीचा अंगठा आणि अप्पांचा मोबाईल नंबर. पालकांना घेऊन ये म्हणाले ना, घे, नंबर आणला. ह्या पत्रात रडगाणं नाही, माफीसुद्धा नाही. मागणं आहे, आणि ते तीनच गोष्टींचं आहे. जास्त मागितलं की माणसं "बघू" म्हणतात. एकटीने द्यायची भीती वाटली तर गावच्या प्राथमिक शाळेतल्या, तुला चौथीपर्यंत शिकवलेल्या बाईंना सोबत घे. त्यांना तुझं घर माहीत असणार.

हा कागद फक्त मन मोकळं करण्यासाठी नाही. बोर्डाचा ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. खऱ्या कारणाने कमी पडलेल्या हजेरीबद्दल मुख्याध्यापक शिफारस करू शकतात, पण कारण त्यांच्याकडे लेखी असलं तर. तोंडी सांगितलेलं कारण फायलीत लागत नाही.

आणि त्या प्रात्यक्षिकांच्या तारखा मी उगाच घातलेल्या नाहीत. दहावीला प्रत्येक मुख्य विषयात ८० गुणांचा पेपर आणि २० गुण शाळेच्या हातात. भाषेला तोंडी, विज्ञानाला प्रात्यक्षिक, गणिताला गृहपाठ आणि चाचणी. पास व्हायला ३५ लागतात. शाळेकडचे २० पैकी १६-१७ जरी मिळाले, तर पेपरात उरलेलं ओझं किती हलकं होतं, हे तूच मोज. रोजचा एखादा खाडा भरून निघतो, पण प्रात्यक्षिकाच्या दिवशीचा खाडा महाग पडतो. त्या दिवशी आजीला ताप असला तरी शेजारणीला बसव आणि जा.

गणितात १९ म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. १९ मिळवलेत तेही न शिकता मिळवलेत, कारण पहिल्या तासाला गणितच असणार, बरोबर? आमच्या शाळांत गणित पहिल्या तासालाच असतं, मुलं ताजी असतात म्हणे. उरलेल्या दिवसांत सगळं पुस्तक करायला जाऊ नकोस. बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता आणि सांख्यिकी धर. भूमितीत रचना आणि पायथागोरस. समरूपतेची प्रमेयं डोक्यात बसत नसतील तर सध्या सोडून दे, कुणी पोलिसात देत नाही. अर्थनियोजनाचं प्रकरण बाकीची मुलं घाबरून टाळतात, जीएसटी, शेअर वगैरे आहे त्यात. पण उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडून तोडीआधी आगाऊ घेतलेल्या, पैशात घर चालवणाऱ्या मुलीला टक्केवारी कुणी शिकवायची? ते तू कर.

वेळेचं म्हणशील तर मी तुला पहाटे तीनला उठायला सांगणार नाही. ह्या दिवसांत वर्तमानपत्रांत दहावीच्या पालकांसाठी सूचना छापून येतात, मुलांना बदाम द्या, घरात शांतता ठेवा, पाहुणे बोलावू नका. तू वाचत असशील तर हसायला येत असेल, कारण तुझ्या घरातली पालकही तूच आणि मुलगीही तूच. साडेचारला उठणाऱ्या मुलीने रात्री साडेनऊला झोपलंच पाहिजे. अभ्यास शाळेच्या आवारात कर. मधली सुट्टी, ऑफ तास, आणि परतीच्या एसटीची वाट बघण्यातला वेळ. संध्याकाळी एसटी किती वाजता असते तू लिहिलं नाहीस, पण शाळा सुटल्यावर स्टँडवर अर्धा-पाऊण तास जातोच. तो तास उजेडात असतो आणि तिथे तुला कुणी पाणी मागत नाही. एक मैत्रीण धर, जिचं गणित बरं आहे, आणि त्या अर्ध्या तासात रोज दोन गणितं. तू तिला मराठीचे निबंध लिहायला मदत कर. तुझं पत्र वाचून सांगते, तुला लिहिता येतं.

आता फेब्रुवारी-मार्चचं. लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत चालते, आणि तेव्हा कारखाने अजून चालू असतात. म्हणजे आई-अप्पा फडावर, उसाच्या शेतात असणार. पेपरांच्या मध्ये सुट्ट्या असतात, एकूण पेपरचे दिवस आठ-नऊच. आईने पूर्ण महिना यावं असं मी म्हणणार नाही, उचल घेतलेली असते, कोयता, म्हणजे तोडणारी नवरा-बायकोची जोडी, अर्धा झाला तर मुकादम काय बोलतो ते मला माहीत आहे. पण त्या आठ-नऊ दिवसांसाठी मावशी, आत्या, चुलती, कुणीतरी एक बाई घरात राहायला हवी, आणि ती सोय करणं हे तुझं काम नाही, आईचं आणि अप्पांचं आहे. आत्ता डिसेंबरात सांगितलंस तर फोनवर होईल. फेब्रुवारीत सांगितलंस तर कुणाचं होणार नाही.

आणि समजा, एवढं सगळं करूनही गणित राहिलं. तर राहिलं. एक-दोन विषय राहिलेल्या मुलांना एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच, जून-जुलैच्या सुमाराला होते. तेव्हा आई घरी असते, पेरणीचे दिवस असतात. खरं सांगू का, आपल्या भागातल्या मुलींसाठी ती परीक्षा वर्षाच्या जास्त सोयीच्या वेळी येते. १७ नंबरसाठी वर्ष घालवण्यापेक्षा ही वाट शंभर पटींनी बरी.

आता आजीची दिवाळी.

आजीवर रागावू नकोस. तिच्या डोक्यात हिशोब वेगळा आहे. सहा महिने घरात बापमाणूस नाही, वयात आलेली नात आहे, रात्री दाराची कडी वाजली की तिचा जीव वर-खाली होतो. तोडीला जाणाऱ्या घरांत पोरींची लग्नं लवकर होतात ती बहुतेकदा ह्या भीतीने, आणि जोडीने कोयता लागतो म्हणूनही. भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे. अठराच्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे, आणि तो लावणाऱ्यांवर दाखल होतो, आजीलासुद्धा ते लागू आहे. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे पुष्कळ गावांत ग्रामसेवकालाही आठवण करून द्यावं लागतं. कधी खरोखर स्थळ बघायला माणसं आली, तर १०९८ हा नंबर आहे, फुकट आहे, कुठल्याही फोनवरून लागतो. त्या बाईंना, चौथीच्या, हेही सांगून ठेव.

पण आजीला कायदा सांगून उपयोग नाही, तिला जागा सांग. दहावीनंतर तू कुठे राहशील, ह्याचं उत्तर तिच्यासमोर असलं की दिवाळी आपोआप पुढे जाते. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहं आहेत. २०२१ मध्ये ४१ तालुक्यांसाठी ८२ मंजूर झाली, मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं. तुमच्या तालुक्यात मुलींचं कुठे आणि किती जागा, हे बीडच्या समाजकल्याण कार्यालयात कळेल. प्रवेशाला आई-अप्पांचं ऊसतोड कामगार असल्याचं ओळखपत्र लागतं, ते ग्रामसेवक देतो. ते काढलंय का बघ, नसेल तर आई-अप्पा उन्हाळ्यात आल्या आल्या पहिलं काम ते. शेवटच्या दिवशी कागदासाठी पळताना मी कित्येक जणी पाहिल्यात. आणि अकरावी-बारावीला रोज एसटीने जायचं ठरलं तरी मुलींचा पास बारावीपर्यंत फुकट असतो, पैशांचं कारण कुणी सांगू नये.

तू वसतिगृहात गेलीस तर भावांचं काय, आजीचं काय, हे तुझ्या मनात आत्ताच आलं असेल. आलं ना? म्हणून पाणी ह्या महिन्यापासून सातवीतल्याकडे द्यायचं. जूनपर्यंत तो आठवीत असेल आणि त्याला पिंप भरता येत असेल.

राहता राहिली आई.

पहाटे साडेचारला तू चूल पेटवतेस तेव्हा तीनशे किलोमीटरवर कोपीत, तोडकऱ्यांच्या झोपडीत, ती पण चूल पेटवत असते, भाकरी बांधून उजाडायच्या आत फडात जायचं असतं तिला. ती तिथे कशी आहे हे ती तुला सांगत नसणार. तीही "सगळं ठीक आहे"च म्हणत असेल. दोघी मिळून एकमेकींना फसवताय. तुला वाटतं, खरं सांगितलं तर ती काम टाकून येईल. येणार नाही, घाबरू नकोस, तिला उचलीचा आकडा तुझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. पण तिच्या हातात फोन आहे आणि तिच्या नात्यातली माणसं गावोगाव आहेत. मावशीला चार दिवस पाठवणं तिला जमेल. सातवीतल्याला "ताईचं ऐक, नाहीतर आल्यावर बघते" हे फोनवरून दरडावणं जमेल, आणि ते तुझ्या दहा वेळा सांगण्यापेक्षा जास्त लागू पडेल. आजीला "दिवाळीचं मी बघते, तुम्ही थांबा" हे सुनेने म्हणणं अवघड आहे, पण अप्पांकडून म्हणवून घेणं तिला नक्की जमत असेल. बायकांना जमतं ते.

रात्री उसाची गाडी भरायला कधी येईल त्याचा नेम नसतो, म्हणून अंधार पडल्या पडल्या, सात-साडेसातच्या सुमाराला लाव फोन. नळाचं सांग, एकोणीस गुणांचं सांग, सरांचं सांग, आठ दिवस घरी होतीस तेही सांग. ती गप्प होईल थोडा वेळ. तू फोन ठेवू नकोस. पुढचा खाडा कुणी करायचा, ते मग दोघी बोलून ठरवा.

— बाई